कोशकार मेजर थॉमस कँडी

मागच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मी एका वाक्याचे भाषांतर ‘त्याने वचन फोडले’ असे वाचून दाखवले आणि वर्गात जो हशा पिकला तो अजून कानात आहे. ‘ब्रेक’ म्हणजे फोडणे, हे शाळेपासून पाठ केलेले. वचन मोडतात, फोडत नाहीत, एवढे मला मराठीत ठाऊक होते. पण इंग्रजी समोर उभी राहिली की आपली मराठीसुद्धा तोंडातून पळून जाते. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या पुष्कळांचा हा अनुभव असेल. तास संपल्यावर सरांनी मला जवळ बोलावून एक नाव सांगितले: मेजर कँडी. त्याच गृहस्थाची ही थोडक्यात ओळख.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. काही काळ ऑक्सफर्डला शिकून १८२२ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर अवघ्या चार वर्षांनी, ते जुळा भाऊ जॉर्ज याच्यासह कंपनी सरकारच्या लष्करात मुंबई इलाख्यात दाखल झाले. नव्या मुलखावर राज्य करायचे तर रयतेची बोली समजली पाहिजे, हा सरकारचा सरळ हिशेब होता. कॅप्टन मोल्सवर्थ मराठी शब्द जमवत होते. हे दोघे भाऊ त्यांच्या हाताखाली आले. १८३१ मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. त्याआधी, १८२९ साली, शास्त्रीमंडळींनी मराठीचा मराठीत कोश केला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके ही त्यातली काही नावे. साहेबांची नावे आपण परीक्षेत लिहितो. शास्त्र्यांची मी हा लेख लिहायला बसेपर्यंत ऐकलीही नव्हती.

पुढे उलट काम निघाले, इंग्रजी-मराठी कोशाचे. मोल्सवर्थांनी आरंभ केला, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ते मायदेशी गेले आणि ते ओझे कँडींच्या शिरावर आले. कठीण इंग्रजी शब्दांनी कोशकाराला फार छळले नसेल, असे मला वाटते. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. छळतात ती बारकी, रोजची क्रियापदे. ‘ब्रेक’ घ्या. काठी मोडते, दोरी तुटते, काच फुटते, उपवास सुटतो, घोडा वठणीवर येतो. इंग्रजाला या सगळ्याला एकच शब्द पुरतो. ‘वेअर’चे तेच. आपण लुगडे नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, कुंकू लावतो. आणि आपण तरी कुठे कमी आहोत? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, एस.टी.त बसले की गाडी लागते, आणि माहूरला येताना घाट लागतो. याचे इंग्रजी करायला बसणाऱ्याने काय करावे!

आमचे घर गडाच्या वाटेवर आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी आई नारळ आणि ओटीचे सामान विकते. तिला अक्षरओळख नाही. एका संध्याकाळी मी सहज विचारले, “आई, नारळाचं काय करतात गं?” “वाढवितात,” ती म्हणाली. फोडतात म्हटलं तर? देवापुढं तसं बोलू नये. मग बांगडीचं? तीही वाढते, नाहीतर पिचते. फुटली म्हणायचं नाही. म्हणजे ‘ब्रेक’ला मराठीत ‘वाढवणे’ हाही एक अर्थ झाला, शब्दाच्या अगदी उलट्या दिशेचा! आणि पहाटेचं? “तांबडं फुटतं,” आई म्हणाली. इंग्रजीतही दिवस ‘ब्रेक’च होतो. माझे वचन चुकले होते, पण तांबडे मात्र बरोबर फुटले असते.

कँडींनाही असेच विचारत बसावे लागले असणार. साहेबाला इंग्रजी शब्दाच्या साऱ्या छटा कळत होत्या. मराठीत कुठे काय शोभते, हे इथल्या माणसांनाच ठाऊक. तो कोश १८४७ मध्ये पुरा झाला.

पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख, सरकारी भाषांतराचे काम, शालेय पुस्तके, इंडियन पीनल कोडचे मराठी रूप अशी त्यांची बाकीची कामे थोडक्यात सांगून पुढे जातो. विरामचिन्हे मराठीत रुळवली त्यांनीच. त्यावर त्यांची एक पुस्तिकाही आहे. माझ्या उत्तरपत्रिकेतला स्वल्पविराम त्यांच्या खात्यावर. मात्र दोषही सांगितला पाहिजे. मराठी पुस्तके तपासताना ते इंग्रजी वळणाचे वाक्य पसंत करीत, आणि त्यामुळे मराठी इंग्रजीच्या साच्यात बसू लागली, अशी तक्रार पुढच्या पिढीच्या लेखकांनी केली. तक्रार खरी वाटते. पंचवीस वर्षे कोणी दुसऱ्याच्या भाषेत राहिला तरी वाक्य जन्मगावचेच येते. माझे इंग्रजी वाचून सर हेच म्हणतात.

१८५७ मध्ये मोल्सवर्थांच्या कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, तिलाही कँडींचा हात लागला होता. १८७३ मध्ये त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती आली, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. चार वर्षांनी महाबळेश्वरी त्यांचे निधन झाले. अठराव्या वर्षी आलेला तो शिपाई, पंचावन्न वर्षांनी, मराठी मुलखातच राहिला.