रोगांना पत्ता देणारे डॉ. फार

मूतखडा मूत्रवाहिनीत अडकतो, लघवी तुंबते, किडनी फुगते. अशा रुग्णाच्या कागदपत्रांत आणि विम्याच्या अर्जात निदानाशेजारी एक कोड लिहिला जातो : एन १३. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला, तर एन १३.६. प्रोस्टेट ग्रंथी वाढली असेल, तर एन ४०. अवयवानुसार रोगांची अशी मांडणी करण्यामागचा विचार मुख्यतः विल्यम फार या इंग्रज डॉक्टरांचा.

विल्यम यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, केनली गावी झाला. घरची गरिबी होती. जोसेफ प्राइस या जमीनदाराने त्यांना वाढवले, शिकवले. पॅरिस आणि लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८३२ मध्ये त्यांनी व्यवसायाचा परवाना मिळवला. पण मन रमले ते आकडेवारीत. १८३७ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे क्षयाने निधन झाले. त्याच वर्षी १ जुलैपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. लवकरच विल्यम त्या नोंदणी कार्यालयात रुजू झाले आणि जवळपास चाळीस वर्षे तिथेच राहिले.

समोर आलेल्या नोंदींत मोठा गोंधळ होता. एकाच रोगाला तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली अनेक रोग. मूळ आजाराऐवजी त्यातून उद्भवलेली गुंतागुंतच लिहिलेली. लघवी तुंबून माणूस दगावला, तर कारण काय मानायचे : ताप, किडनीची सूज की खडा? नाव चुकले की गणती चुकते आणि गणती चुकली की उपायही चुकतो. वजन-मापांना भौतिकशास्त्रात जे महत्त्व, तेच रोगांच्या नावांना आरोग्यशास्त्रात आहे, असे डॉ. फार यांनी १८३९ च्या पहिल्याच वार्षिक अहवालात बजावले.

१८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम डॉ. फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्यावर सोपवले. देस्पिन यांनी रोगांच्या स्वरूपानुसार गट पाडले. डॉ. फार यांनी साथीचे, सर्वांगाचे, एकेका अवयवाचे, वाढीशी निगडित आणि इजेमुळे होणारे असे पाच गट केले. १८५५ मध्ये दोघांच्या याद्यांतून तडजोडीची १३९ कारणांची यादी झाली. पण पुढे टिकली ती डॉ. फार यांचीच चौकट.

नोंदींनी त्यांनाही धडा दिला. कॉलरा दूषित हवेमुळे पसरतो, असे ते मानत. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनमधील मृत्यूंचे आकडे पाण्याकडे बोट दाखवू लागले, तेव्हा त्यांनी मत बदलले. कार्यालयाचे प्रमुखपद रिकामे झाले, तेव्हा मात्र त्यांना डावलले गेले. १४ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी नवी यादी मांडली. तिच्यातूनच आजचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण घडले. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. आज कागदावर नुसते ‘किडनीला सूज’ एवढेच लिहिले, तर अडथळा कशाचा, कुठे आणि त्यात संसर्ग आहे का, हे सारे हरवते. संसर्ग झालेली तुंबलेली किडनी तातडीने मोकळी करावी लागते, म्हणून ही नोंद महत्त्वाची. डॉ. फार यांची धडपड याचसाठी होती.