दख्खनच्या माशांचे नोंदकार
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) यांना गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये सांख्यिकी अधिकारी नेमले. दख्खनची शेती व लोकसंख्या नोंदविताना साइक्स यांनी भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतील मासेही अभ्यासले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनांत त्यांनी अनेक नव्या जातींना स्थानिक नावेच दिली. खुद्री आणि नुक्ता ही त्यांपैकीच. १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले.

खवल्यांवरील वलये मोजून माशांचे वय, वाढ आणि मृत्यूचे प्रमाण ठरविण्याचे शास्त्र त्यांच्यानंतर विकसित झाले. मात्र आज संकटग्रस्त गणला जाणारा नुक्ता पूर्वी कोठे आढळत असे, याची पहिली शास्त्रीय नोंद साइक्स यांचीच.