नागपुरांत बीजगणित शिकलेले महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री

बीजगणितांत अवयव पाडण्याचा धडा सुरू झाला कीं आमच्यापैकीं पुष्कळांचे चेहरे उतरतात. ज्यांची बेरीज इतकी व गुणाकार इतका असे दोन आंकडे शोधावयाचे. ते सुचले तर ठीक, न सुचले तर वही कोरी. जणूं गणित हें दैवाधीनच आहे! परंतु ज्या नगरांत बसून आम्ही हा कंटाळा करितों, त्याच नगरांत सुमारें एकशें नव्वद वर्षांपूर्वीं एका मराठी मुलानें बीजगणिताचे पहिले पाठ घेतले, आणि पुढें भारतांतील अग्रगण्य गणितज्ञांत त्याची गणना झाली. ते महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री होत.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८२१ रोजीं परांजपे कुलांत झाला. मूळ नांव नृसिंह; वडिलांचें नांव सीताराम. घराणें गोदातीरावरील टोकें या गांवचें. हें गांव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. बापूदेवांचें मराठी शिक्षण मात्र नागपुरांत झालें. तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें, आणि रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं येथें शाळा काढण्यास अजून कांहीं वर्षें अवकाश होता. ढुंढिराज मिश्र नांवाच्या कान्यकुब्ज पंडितांपाशीं बसून त्यांनीं भास्कराचार्यांचे लीलावती व बीजगणित हे दोन ग्रंथ अभ्यासिले.

या बीजगणितांतील एक उदाहरण आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावें. वानरांचा एक कळप आहे. त्याच्या अष्टमांशाचा वर्ग जितका, तितके वानर वनांत खेळत आहेत. उरलेले बारा टेकडीवर आहेत. तर एकूण वानर किती? कळपास क्ष मानून अपूर्णांक काढले असतां क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० हें समीकरण मिळतें. भास्कराचार्य येथें अवयव शोधीत बसत नाहींत. चौसष्टाच्या अर्ध्याचा, म्हणजे बत्तिसाचा, वर्ग पुरा करून ते (क्ष − ३२)² = २५६ या रूपास येतात. मधलें पद नाहींसें होतें, म्हणून या रीतीस मध्यमाहरण असें नांव आहे. दोनशें छप्पन्नाचें वर्गमूळ सोळा. तें धनही घेतां येतें व ऋणही. म्हणून उत्तरें दोन : ४८ आणि १६. दोन्ही ताडून पाहावीं. दोन्ही बरोबर येतात.

याच ग्रंथांत वानरांचें दुसरें उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेंत गेला, आणि एक वानर फांदीवर दिसत आहे. येथें ५० व ५ अशीं उत्तरें येतात. परंतु पांचाच्या पंचमांशांतून तीन वजा केल्यास ऋण संख्या उरते, आणि ऋण वानर कोणीं पाहिले आहेत? म्हणून भास्कराचार्य पांच हें उत्तर सोडून देतात. रीतीनें आलेलें उत्तर अर्थाशीं ताडून पाहावें, ही शिस्त त्यांनीं बाराव्या शतकांत घालून दिली.

१८३८ सालीं बापूदेवांच्या आयुष्यास वळण लागलें. भोपाळजवळील सिहोर येथें लान्सलॉट विल्किन्सन हे इंग्रज अधिकारी होते. त्यांस आमच्या सिद्धांतग्रंथांविषयीं मोठा आदर असून, त्या ग्रंथांच्या आधारेंच युरोपीय ज्योतिष येथील पंडितांस समजावून द्यावें असा त्यांचा प्रयत्न असे. या मुलाची गणितांतील गति पाहून ते त्यास सिहोरच्या संस्कृत पाठशाळेंत घेऊन गेले. तेथें सेवाराम पंडितांपाशीं बापूदेवांनीं रेखागणित अभ्यासिलें. पुढें विशीच्या उंबरठ्यावरच काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेंत त्यांची अध्यापकपदीं नेमणूक झाली.

काशींत त्यांनीं जन्मभर दोन विद्यांची गांठ घालून दिली. हिंदींत बीजगणित व संस्कृतांत त्रिकोणमिति लिहिली. सूर्यसिद्धांताचें इंग्रजी भाषांतर केलें. विल्किन्सन यांच्या गोलाध्यायाच्या भाषांतरासह तें १८६१ त कलकत्त्यास प्रसिद्ध झालें. भास्कराचार्यांस कलनशास्त्राचें बीज अवगत होतें, असें त्यांनीं १८५८ सालच्या एका लेखांत प्रतिपादिलें. १८८७ सालीं सरकारनें त्यांस महामहोपाध्याय ही पदवी दिली. १८९० सालीं त्यांचें देहावसान झालें.

आतां आमच्या अवयवांकडे वळूं. सर्व पदें एका बाजूस घेऊन तीं द्विपदींचा गुणाकार म्हणून पाहण्याची रीत थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, १६३१ त म्हणजे त्याच्या मरणोत्तर छापलेल्या, ग्रंथांत ठळकपणें आढळते. ती रीत व मध्यमाहरण या दोन निरनिराळ्या वाटा आहेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वरील समीकरणाची डावी बाजू (क्ष − ३२)² − १६² अशी लिहावी. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिलें वजाबाकी, हें सूत्र आपण सर्व जाणतोंच. तें लावतांच (क्ष − १६)(क्ष − ४८) हे अवयव आपोआप पडतात. कांहीं सुचावें लागत नाहीं. क्ष² − ६क्ष + ७ येथें तर बेरीज सहा व गुणाकार सात असे पूर्णांक सांपडतच नाहींत. तरी वर्ग पुरा केला कीं (क्ष − ३)² − २ मिळतें, आणि दोनाचें करणीरूप मूळ घेऊन अवयव हातीं येतात.

एका वाटेनें नागपुरांत निघालेला मुलगा दुसऱ्या वाटेवर भांबावला नाहीं, कारण पहिली वाट त्यानें पाठ केली नव्हती, समजून घेतली होती. असें त्यांचें पुढील कार्य पाहतां आम्हांस वाटतें. तेव्हां विद्यार्थिबंधूंनो, पुढील खेपेस दोन आंकडे सुचले नाहींत तर वही मिटूं नका. मधल्या गुणकाच्या अर्ध्याचा वर्ग करून पाहा. त्या अर्ध्या ओळींत याच नगराची एक जुनी शिकवणी दडलेली आहे.