तुविया बिएल्स्की : जंगलातला आसरा



नागझिऱ्याच्या आसपासच्या जंगलात मोहफुले वेचायला गेलेला माणूस अंधार पडण्याआधी घर गाठतो. लेकरे व म्हातारी माणसे घेऊन अशा जंगलात दोन हिवाळे काढायचे, तेही मागावर सैन्य असताना! तुविया बिएल्स्की यांनी हे केले.

त्यांचा जन्म १९०६ साली नोवोग्रुदेक शहराजवळच्या खेड्यात झाला. हा भाग आज बेलारूस देशात आहे. घराणे यहुदी, शेती आणि पिठाची गिरणी हा उद्योग. १९४१ च्या जूनमध्ये नाझी जर्मन सैन्य आले. डिसेंबरमध्ये हजारो यहुदी मारले गेले. त्यांत तुविया यांचे आईवडील आणि दोन भाऊही होते.

तुविया, आसाएल, झुस आणि धाकटा आरोन हे भाऊ जंगलात शिरले. १९४२ साली तिसेक आप्तमित्रांचा सशस्त्र गट तयार झाला. तुविया त्याचे प्रमुख झाले. ज्यांना बंदूक चालवता येत नाही त्यांना कशाला घ्यायचे, असा वाद लवकरच उठला. अन्न तुटपुंजे होते आणि एका मुलाच्या रडण्याने सर्वांचा घात झाला असता. तरीही येईल त्याला घ्यायचे, असे तुविया यांनी ठरवले. यहुद्यांना कोंडलेल्या वस्त्यांत वाटाडे पाठवून त्यांनी लोकांना बाहेर काढले.

हा गट जर्मनांशी लढला. शत्रूला खबर देणाऱ्यांना त्याने ठार केले, शेतकऱ्यांकडून धान्य प्रसंगी बंदुकीच्या धाकाने घेतले. या गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत.

१९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी नालिबोकीचे जंगल वेढले, तेव्हा सारे दलदल तुडवत आत लपले. नंतर त्याच जंगलात त्यांनी वस्ती उभारली. तेथे गिरणी, बेकरी, शिंपी, चांभार, दवाखाना, मुलांची शाळाही होती. १९४४ च्या उन्हाळ्यात बाराशेहून अधिक माणसे जिवंत बाहेर आली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते.

आसाएल १९४५ साली सोव्हिएत सैन्यातून लढताना मारले गेले. तुविया इस्राएलला आणि तेथून १९५६ साली अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ट्रक चालवून संसार केला. १९८७ साली ते वारले. पुढे त्यांचे अवशेष जेरुसलेमला नेऊन सन्मानाने दफन करण्यात आले.

त्या बाराशे जणांची मुले-नातवंडे आज अनेक देशांत आहेत. ज्या आयांना आणि लेकरांना काहींनी ओझे म्हटले होते, त्यांचीच ही घरे. आपल्या घरात, आपल्या गावात आपण कोणाला ओझे समजतो?