खारट घामाचे कोडे

युरोपात फार पूर्वी एक लोकसमज होता. बाळाच्या कपाळाचा मुका घेताना ओठांना खारट चव लागली, तर ते बाळ फार दिवस जगत नाही, असे तिथल्या आया आणि आज्या मानत. यामागचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. पण त्या बायकांचे निरीक्षण खोटे नव्हते. तो एक खराखुरा रोग होता. तो वेगळा रोग आहे हे १९३८ साली ज्यांनी दाखवून दिले, त्या डॉक्टरांचे नाव डोरोथी अँडरसन.

डोरोथी यांचा जन्म १५ मे १९०१ रोजी अमेरिकेतील ॲशव्हिल या गावी झाला. वडील मूळचे डेन्मार्कचे. १९१४ साली ते वारले. आई नेहमी आजारी असे. तिची सेवा करायची आणि शाळाही सांभाळायची, असे दिवस त्या लहान मुलीच्या वाट्याला आले. १९२० साली आईही गेली. तेव्हा डोरोथी कॉलेजात शिकत होत्या. त्यांनी शिक्षण सोडले नाही. १९२६ साली जॉन्स हॉपकिन्स या नामांकित विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या.

त्यांना शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर, म्हणजे सर्जन व्हायचे होते. पण त्या काळी हे काम पुरुषांचेच समजले जाई. डोरोथी स्त्री आहेत, एवढ्याच कारणावरून त्यांना पुढील प्रशिक्षणाची जागा नाकारण्यात आली. मग त्या न्यूयॉर्कला आल्या आणि रोगनिदानशास्त्राकडे वळल्या. १९३५ सालापासून त्या तेथील लहान मुलांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. मरण पावलेल्या बालकांची शवचिकित्सा करून मृत्यूचे कारण शोधणे, हे त्यांचे काम. ऐकूनच आपले मन जड होते. डोरोथी मात्र त्यातून जिवंत मुलांसाठी काहीतरी शोधत होत्या.

एकदा एका बालकाचा मृत्यू पचनाच्या एका जुन्या आजाराने झाला, अशी नोंद त्यांच्यापुढे आली. पण तपासताना त्यांना दिसले, की बाळाचे स्वादुपिंड, ज्याला उर्दूत आपण लबलबा म्हणतो, ते पार बिघडलेले आहे. त्यात लहान लहान पोकळ्या आणि घट्ट तंतू झाले होते. दुसऱ्या कोणी एक ओळ लिहून फाइल मिटली असती. डोरोथी यांनी जुने अहवाल उपसले, इतर ठिकाणच्या नोंदी मिळवल्या आणि अशी ४९ मुले शोधून काढली. या मुलांना अन्न पचत नसे. त्यांच्या फुप्फुसांत चिकट, दाट कफ साचे, त्यात जंतू वाढत आणि श्वास कोंडून ती दगावत. हा निराळाच रोग आहे, असे डोरोथी यांनी लिहिले. पुढे तो 'सिस्टिक फायब्रोसिस' या नावाने ओळखला जाऊ लागला.

फुप्फुसांची खराबी अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होत असावी, असे त्यांना आधी वाटले होते. तो अंदाज टिकला नाही. मग त्यांनी आजारी मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. आईवडील तर धडधाकट, मग मूल आजारी कसे? १९४६ साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले, की हा रोग जनुकातून येतो. जनुक म्हणजे आईवडिलांकडून मिळणारा गुणधर्मांचा वारसा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर माणूस निरोगी राहतो. दोन्ही सदोष आल्या तरच रोग होतो. आई आणि वडील दोघांकडेही एकेक सदोष प्रत असली, तर दर बाळाच्या वेळी रोगाची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये याच रोगाची मुले बरीच होती. हे का झाले? डोरोथी यांचे सहकारी डॉ. पॉल दी सांत अग्नेसे यांनी त्याचा छडा लावला. या मुलांच्या घामातून फार जास्त मीठ जाते, असे त्यांनी १९५३ साली दाखवले. खारट कपाळाचे कोडे असे सुटले. घामाची ती तपासणी आजही केली जाते.

डोरोथी यांनी जन्मतः सदोष असलेल्या बालहृदयांचाही अभ्यास केला होता. त्यामुळे हृदयाची शस्त्रक्रिया शिकणारे सर्जन त्यांच्याकडे धडे घ्यायला येत. ज्यांना सर्जन होऊ दिले नाही, त्याच आता सर्जनांना शिकवत होत्या! त्यांच्या अस्ताव्यस्त कपड्यांविषयी आणि केसांविषयी मात्र लोक कुजबुजत. पुरुष डॉक्टरांच्या कपड्यांची एवढी चर्चा होत असेल, असे मला वाटत नाही. सुटीत त्या डोंगरातल्या आपल्या शेतावर जात. तेथे सुतारकाम करीत.

१९८९ साली कॅनडा आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांना सातव्या गुणसूत्रावर तो सदोष जनुक सापडला. पेशींतून मिठाचे कण आत-बाहेर नेणारी एक बारीक वाट हा जनुक घडवतो. ती बिघडली की घाम खारट होतो आणि फुप्फुसातला कफ दाट होतो. या बिघाडावरच काम करणाऱ्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या अनेक रुग्णांचा श्वास पुष्कळ सुधारला. पण ती इतकी महाग आहे, की जगातल्या कितीतरी मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

डोरोथी यांना यातले काही पाहता आले नाही. इतकी फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या या बाईंना स्वतःला सिगारेटची सवय होती. ३ मार्च १९६३ रोजी फुप्फुसांच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ६१ वर्षांच्या होत्या.