कै. राफाएल लेमकिन

राफाएल लेमकिन यांचा जन्म १९०० साली एका ज्यू शेतकरी कुटुंबात झाला. आईनेच त्यांना घरी शिकविले. पुढे ते पोलंडमध्ये वकील झाले. नाझींनी आईवडिलांसह त्यांच्या ४९ आप्तांचा बळी घेतला. या पापाला कायद्यात नावच नव्हते. १९४४ साली त्यांनी ते दिले : ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघातील ठरावास श्रीमती विजयालक्ष्मी पंडितांनी भारतातर्फे पाठबळ दिले. १९४८ साली करार झाला. नुसत्या सह्यांनी जीव वाचत नाहीत, हे जाणून लेमकिन देशोदेशींच्या मान्यतेसाठी झिजले. भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी ते निवर्तले. १९९४ साली रवांडात संहार झाला, तेव्हा करार असूनही जग पाहत राहिले. भगिनींनो, दिलेला शब्द पाळण्याचे काम अजून उरलेच आहे.