सार्वजनिक काका आणि लवाद कोर्ट

धानाच्या बांधीचा धुरा कोणी हातभर सरकविला, किंवा मोहाचे झाड कोणाच्या वाट्याचे, अशा कारणांवरून दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात, हे आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाही? अशा वेळी गावातील चार शहाणी माणसे मध्ये पडून तंटा तोडतात. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगाव त्यासाठी समित्याही स्थापन झाल्या. हीच कल्पना त्या मोहिमेच्याही सुमारे एकशेतीस वर्षे आधी पुणे शहरात एका वकिलाने नियमबद्ध रूपाने अमलात आणिली होती. त्या वकिलाचे नाव गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावाने ओळखतो. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांनी अवश्य लक्षात ठेवावे असे आहे.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि त्याच सुमारास हा वीस वर्षांचा तरुण उदरनिर्वाहासाठी पुण्यास आला. प्रथम त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे स्वतःच्या उद्योगाने कायद्याचा अभ्यास करून १८६५ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. कचेरीत राहून एका बाजूने व वकील होऊन दुसऱ्या बाजूने, असा न्यायाचा कारभार त्यांनी दोन्हीकडून पाहिला. गरिबास न्याय मिळण्याच्या आधीच त्याची पुंजी कशी संपते, हे त्यांना पुस्तकावरून शिकावे लागले नाही.

पेशवाईत दिवाणी तंटे बहुधा पंचायतीपुढे जात. उभय पक्ष आरंभीच राजीनामा लिहून देत, म्हणजे पंच जो निवाडा करतील तो मान्य करू असा लेखी करार करीत. इंग्रजी अमलात, विशेषतः १८२७ च्या कायद्यांनंतर, ही रीत मागे पडून कोर्टे आली. कोर्टांमुळे नियम आले हे खरे. परंतु त्यांबरोबर स्टँप, वकिलाची फी, तारखा आणि दूरचा प्रवासही आला. कर्जबाजारी शेतकरी तारखेस हजर राहू शकत नसे व त्याच्यामागे एकतर्फी हुकूमनामा होई. या दुःखाचा स्फोट १८७५ साली झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला.

तत्पूर्वीच काकांनी एक मोठे काम उभे केले होते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी होत्या. त्या मांडू लागताच, आपण कोणाच्या वतीने बोलता, हा प्रश्न पुढे आला. तेव्हा काकांनी लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे गोळा केली. त्या उद्योगातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेचा जन्म झाला. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ज्यास सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, असा सभेचा नियम होता. आरंभी असे पंचाण्णव सभासद झाले व त्यांच्या पाठीशी सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे तर आधी त्याची संमती घ्यावी, हे तत्त्व काकांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी आहे.

१८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सभेस एक थोर सल्लागार लाभला. या दोघांच्या प्रयत्नाने १८७६ साली पुण्यात लवाद कोर्ट स्थापन झाले. लवाद म्हणजे उभय पक्षांनी राजीखुशीने निवडलेला मध्यस्थ. ज्यांचा तंटा असेल त्यांनी सरकारी कोर्टाची पायरी न चढता येथे यावे, निवाडा पाळू असे आधी लिहून द्यावे आणि प्रतिष्ठित, निःपक्षपाती गृहस्थांकडून थोड्या खर्चात व थोड्या दिवसांत निकाल घ्यावा, अशी ही योजना होती. फौजदारी गुन्ह्यांशी तिचा संबंध नव्हता. देणेघेणे, वाटणी, हद्द असे दिवाणी वाद हेच तिचे क्षेत्र.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. काका वकील होते आणि वकिलाचे घर दुसऱ्यांच्या भांडणांवर चालते. तथापि भांडणे कोर्टात येण्यापूर्वीच मिटावी यासाठी ते झटले. डोंगरावरील प्रवचनात, वादीबरोबर वाटेत असतानाच समेट करावा, असा जो उपदेश आहे, तो स्वतःच्या मिळकतीस झळ सोसून आचरणात आणणारा हा गृहस्थ होता. खरा स्वार्थत्याग म्हणतात तो हाच.

या कोर्टाची एक अडचणही होती. त्याजवळ बेलिफ नव्हता, शिपाई नव्हता, जप्तीचे वॉरंट नव्हते. १८५९ च्या दिवाणी कायद्यात खासगी पंचांचा निवाडा सरकारी कोर्टात दाखल करण्याची सोय होती खरी. परंतु ज्यास शब्द मोडावयाचा आहे तो सतरा हरकती काढू शकतो. म्हणून लवादाचे सारे बळ दोन गोष्टींत असते. पक्षकारांनी दिलेला शब्द ही एक, आणि पंचांविषयी लोकांची खात्री ही दुसरी. यांपैकी एक जरी ढळली तरी निवाड्याचा कागद कोराच समजावा. पुण्याचे लवाद कोर्ट कालांतराने मागे पडले. तथापि समेटाची आवश्यकता सरकारलाही पटली आणि १८७९ च्या दख्खनमधील शेतकऱ्यांविषयीच्या कायद्यात समेट घडवून आणणारे अधिकारी नेमण्याची तरतूद झाली.

नवल असे की, ज्या दशकात पुण्यात ही खटपट चालली होती, त्याच दशकात युरोपात राष्ट्राराष्ट्रांतील भांडणांसाठी हाच विचार चालू होता. अमेरिकेतील यादवी युद्धात इंग्लंडात बांधलेल्या अलाबामा या जहाजाने अमेरिकेच्या व्यापारी गलबतांचा नाश केला होता. त्या वादाचा निवाडा १८७२ साली जिनीव्हा येथे पाच पंचांनी केला आणि बलाढ्य इंग्लंडने एक कोटी पंचावन्न लक्ष डॉलर भरपाई मुकाट्याने दिली. पुढल्याच वर्षी, १८७३ साली, बेल्जममध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दोन विद्वत्संस्था निघाल्या. त्यांपैकी घेंट येथे स्थापन झालेल्या संस्थेने १८७५ साली राष्ट्रांच्या लवादासाठी नियमांचा एक मसुदा मंजूर केला. अशा संस्थांनी लोकमत तयार केले, म्हणूनच १८९९ च्या परिषदेने हेग येथे कायम लवाद न्यायालय स्थापिले. आपल्या देशालाही याचा अनुभव आहे. कच्छच्या रणाच्या सीमेविषयी भारत व पाकिस्तान यांच्यामधील वादात तीन पंचांनी १९६८ साली निवाडा दिला. वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे एक दशांश भाग पाकिस्तानकडे गेला. भारतात पुष्कळांस ते रुचले नाही. तरी दिलेल्या शब्दास जागून भारताने तो निवाडा पाळला. धुरा हातभर असो की शेकडो मैलांचा, लवादाचे तत्त्व एकच.

काकांचे उर्वरित आयुष्यही याच निष्ठेने भरलेले आहे. १८७२ पासून त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले व हाताने कातलेल्या सुताचे कापड ते वापरू लागले. १८७७ साली दिल्ली दरबारास राजेरजवाडे जरीचे पोशाख करून गेले असता, सभेचे प्रतिनिधी म्हणून काका खादीच्या वेषात गेले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने खेड्यापाड्यांतील खरी स्थिती गोळा करून सरकारपुढे मांडली, त्यात त्यांचे श्रम मोठे होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला. सरकारचा रोष ओढवून घेण्यास धजावणारे थोडे असताना काका त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. कारण आरोपी कोणीही असो, त्याची बाजू ऐकल्यावाचून न्याय होत नाही. पुढल्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला.

आता पुन्हा आपल्या प्रदेशाकडे वळू. १९८२ पूर्वी सिरोंच्याच्या माणसास जिल्ह्याच्या कामासाठी थेट चंद्रपूर गाठावे लागे. आजही पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडची वाट बंद होते आणि ऐन रोवणीत तारखेस जाणे म्हणजे वर्षाच्या पिकावर पाणी सोडणे होय. अशा ठिकाणी गावातल्या गावात मिळणारा न्याय किती मोलाचा! धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाची ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याविषयी विख्यात आहे. परंतु पंच म्हणविणारे सारेच लवाद नव्हेत, हेही ध्यानी धरावे. जे संमती न विचारता दंड ठोकतात व घरे वाळीत टाकतात, त्यांच्या कृत्यास २०१६ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. उभय पक्षांची राजीखुशी जेथे नाही, तेथे लवाद नाही. ती केवळ जुलूमजबरदस्ती होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी सरपंच, कोणी शेतकरी. पंच म्हणून बसण्याचा प्रसंग प्रत्येकावर कधी ना कधी येईल आणि पंचाचा निवाडा आपल्याविरुद्ध गेल्याचाही प्रसंग येईल. पहिल्या वेळी आपपर न पाहणे सोपे नाही. दुसऱ्या वेळी शब्द पाळणे त्याहूनही कठीण आहे. खेळाच्या मैदानावर पंचाने बाद ठरविताच निमूटपणे परतण्याची सवय ज्याने लहानपणी केली, त्यास ते पुढे जड जाणार नाही.